छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात कम्प्युटर सायन्स: घरातल्या पहिल्या प्रश्नापासून पदवीपर्यंत

"बारावी सायन्सला एवढे मार्क मिळवून शेवटी बी.ए.च करायची? आणि तीही अमेरिकेत जाऊन?" माझं प्रवेशपत्र आलं त्या दिवशी आजोबांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यांचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर सायन्स, कॉमर्स आणि आर्ट्स अशा तीन वाटा फुटतात आणि त्या पुन्हा कधी एकमेकींना भेटत नाहीत. त्यामुळे कॉलेजच्या नावाला 'लिबरल आर्ट्स' चिकटलेलं दिसलं की कम्प्युटर सायन्सचा विषयच संपतो.

मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात, जेमतेम दीड हजार विद्यार्थी असलेल्या अशा एका कॉलेजात चार वर्षं कम्प्युटर सायन्स शिकले. आता दरवर्षी पुणे, नाशिक, कोल्हापूरकडची काही मुलं-मुली याच वाटेबद्दल विचारायला येतात. त्यांना जे क्रमाने सांगते, तेच इथे लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. मोठ्या विद्यापीठाच्या मानाने इथे बऱ्याच गोष्टी कमी असतात. भरपूर असतो तो शिकवणाऱ्यांचा वेळ. तो मागून घेतलात तर या कॉलेजासारखी जागा नाही. नाही घेतलात, तर छोटेपणाचे तोटे तेवढे पदरात पडतात.

पहिली पायरी: 'आर्ट्स' म्हणजे काय ते घरच्यांना समजावून सांगा

इथल्या 'आर्ट्स' शब्दाचा आपल्या आर्ट्स शाखेशी संबंध नाही. गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, संगीत, तत्त्वज्ञान असं सगळं एकाच छपराखाली शिकवणारं, मुख्यतः पदवीपुरतंच असलेलं निवासी कॉलेज म्हणजे लिबरल आर्ट्स कॉलेज. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना, कार्लटन, ग्रिनेल ही त्यांतली ओळखीची नावं. विद्यार्थी साधारण हजार ते अडीच हजार. पीएच.डी.चे विद्यार्थी जवळपास नसतातच, म्हणून पहिल्या वर्षाचा वर्गही प्राध्यापकच घेतात आणि तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅमही बहुधा तेच वाचतात.

चार वर्षांत साधारण ३२ कोर्स होतात, म्हणजे एका सत्राला चार. कम्प्युटर सायन्स हा मुख्य विषय घेतला तर गणित धरून त्यातले दहा-बारा त्यासाठी लागतात. उरलेले वीस कोर्स तुमचे. घरचे 'मग बाकीचा वेळ काय करणार?' असं विचारतील ते याच वीस कोर्सबद्दल. त्याकडे पुढे येते.

घरच्यांची दुसरी काळजी नोकरीची. पदवी बी.ए. असली तरी शिक्षणानंतर कामाची मुभा ठरते ती अभ्यासविषयाच्या सरकारी कोडवरून. बी.ए. की बी.एस., याने तिथे काही बिघडत नाही. कम्प्युटर सायन्सचा कोड ११.०७०१ आहे आणि तो स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या सरकारी यादीत आहे. त्यामुळे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्याला १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची तात्पुरती परवानगी, आणि अटी पूर्ण केल्या तर त्यावर २४ महिन्यांची स्टेम मुदतवाढ मिळू शकते. हे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करताना आणि पुढे दर वर्षी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून ताजी माहिती घ्या. संगणक आणि तत्त्वज्ञान किंवा संगणक आणि संगीत असा जोडविषय घेणार असाल, तर त्याला कोणता कोड लागतो हे लेखी विचारून ठेवा.

आजोबांना पटलं ते मात्र कोडमुळे नव्हे. मी त्यांना ग्रेस हॉपर यांच्याबद्दल सांगितलं. त्या व्हासार कॉलेजातून १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या, तिथेच त्यांनी शिकवलं, पुढे नौदलात जाऊन हार्वर्डच्या मार्क-१ या सुरुवातीच्या संगणकावर काम केलं आणि १९५२ मध्ये सुरुवातीच्या कंपायलरांपैकी (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमपैकी) एक तयार केला. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉयस १९४९ मध्ये आयोवातल्या ग्रिनेलमधून बाहेर पडले. अशा कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी एकत्र येऊन १९८६ मध्ये लिबरल आर्ट्स पदवीसाठी कम्प्युटर सायन्सचा नमुना अभ्यासक्रमही प्रसिद्ध केला. भाषा आणि साधनं बदलत राहतील, म्हणून थोड्या कोर्समध्ये मूळ तत्त्वं पक्की करा, हा त्या परंपरेचा रोख आजही या विभागांत जाणवतो.

दुसरी पायरी: क्रमवारी बाजूला ठेवा, कोर्सची यादी वाचा

कॉलेज निवडताना बहुतेक जण क्रमवारीचा तक्ता उघडतात. तो आपल्या कामाचा नाही. कॉलेजच्या संकेतस्थळावर मागच्या दोन-तीन वर्षांत प्रत्येक सत्रात प्रत्यक्षात कोणते कोर्स शिकवले गेले याचं वेळापत्रक असतं. ते शोधा. माहितीपुस्तिकेत पंचवीस कोर्स छापलेले दिसतील, पण सहा-आठ प्राध्यापकांच्या विभागाला ते सगळे दर वर्षी चालवणं शक्य नसतं. ऑपरेटिंग सिस्टिम्स, कंपायलर, नेटवर्क्स, डेटाबेस, मशीन लर्निंग यांतले बरेच कोर्स वर्षाआड येतात. त्यात एखादे प्राध्यापक सबॅटिकलवर, म्हणजे संशोधनासाठीच्या लांब रजेवर, गेले की त्यांचा विषय आणखी लांबतो.

हे मला दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं. मला कंपायलर शिकायचा होता. तो नुकताच होऊन गेला होता आणि पुन्हा येणार होता तो मी परदेशात असेन त्या सत्रात. म्हणून पहिल्याच वर्षी एका कागदावर आठ सत्रांचे आठ रकाने आखा आणि हवे असलेले वरच्या पातळीचे कोर्स अंदाजाने त्यांत भरून ठेवा. पूर्वअटही तपासा. डेटा स्ट्रक्चर्स हा पायाचा कोर्स एक सत्र उशिरा घेतला की त्यावर अवलंबून असलेले चार कोर्स मागे ढकलले जातात.

शेजारी कोण आहे तेही पाहा. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँटला पोमोना, स्क्रिप्स, क्लेअरमाँट मॅकेना, हार्वी मड आणि पिट्झर ही पाच पदवी कॉलेजं एकमेकांना लागून आहेत आणि एका कॉलेजच्या विद्यार्थ्याला दुसऱ्यात कोर्स घेता येतो. फिलाडेल्फियाजवळ ब्रिन मॉर, हॅव्हरफर्ड आणि स्वार्थमोर यांची अशीच व्यवस्था आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक आणि हॅम्पशायर यांच्या जोडीला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठासारखं मोठं विद्यापीठच आहे. याउलट कॉलेज एकटंच मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं असेल, तर जे आहे ते तिथेच. मी अशाच ठिकाणी शिकले आणि त्याचं मला दुःख नाही, पण आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

वेळापत्रकाची घडणही कॉलेजागणिक वेगळी. कार्लटनमध्ये दहा-दहा आठवड्यांची तीन सत्रं असतात आणि एका सत्रात साधारण तीन कोर्स. कोलोरॅडो कॉलेजात एका वेळी एकच कोर्स, साडेतीन आठवडे, सकाळ-संध्याकाळ तोच. प्रोग्रॅमिंग शिकताना हा फरक फार जाणवतो. दहा आठवड्यांच्या सत्रात एक आठवडा आजारी पडलात तर दशांश कोर्स गेला. ज्यांना एखादी कल्पना डोक्यात मुरायला वेळ लागतो, त्यांनी नेहमीचं दोन सत्रांचं वेळापत्रक असलेलं कॉलेज निवडावं असं माझं मत आहे.

हार्वी मडबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण ते विज्ञान-अभियांत्रिकीवर भर देणारं असूनही याच परंपरेतलं आहे. २००६ च्या सुमाराला तिथल्या विभागाने पहिला कोर्स मुळापासून बदलला. आधी प्रोग्रॅमिंग केलेली आणि कधीच न केलेली मुलं वेगळ्या तुकड्यांत बसवली. वर्गात सतत बोलून इतरांना दबकवणाऱ्यांशी शिक्षक बाहेर स्वतंत्रपणे बोलू लागले. पहिला कोर्स कोडच्या कवायतीऐवजी प्रश्न सोडवण्यावर आणला. मुख्य विषय म्हणून कम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण काही वर्षांत सुमारे १० टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत गेलं. 'आमच्या मुलीला जमेल का?' असं विचारणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगते. मुली त्याच होत्या, पहिला वर्ग बदलला.

तिसरी पायरी: पैसे आणि अर्ज

छापील खर्च ऐकून घाबरायला होतं. नावाजलेल्या कॉलेजांत शिक्षण, राहणं, जेवण मिळून वर्षाला ८० हजार डॉलरहून जास्त. पण यांतली बरीच कॉलेजं, एकदा प्रवेश दिला की, कुटुंबाला जेवढं झेपत नाही तेवढा भार स्वतः उचलतात. अट अशी की परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवतानाच बहुतेक जण त्याची गरज विचारात घेतात. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन यांसारखी मोजकी कॉलेजं तसं करत नाहीत. तेव्हा प्रत्येक कॉलेजच्या पानावर दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधा: परदेशी विद्यार्थ्यांना मदत किती, आणि ती मागितल्याने प्रवेशाची शक्यता घटते का.

मदतीसाठी बहुधा सीएसएस प्रोफाइल नावाचा अर्ज भरावा लागतो. तो अमेरिकन घर डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. एकत्र कुटुंबातलं सामायिक घर, सातबाऱ्यावर आजोबांच्या नावे असलेली शेती, बहिणीच्या लग्नासाठी काढलेलं कर्ज, हे त्याच्या चौकटीत बसत नाही. खुलाशासाठी जागा असते, तिथे सरळ इंग्रजीत सगळं लिहा. वडिलांचं आयकर विवरणपत्र आणि फॉर्म १६ दिवाळीच्या आतच हाताशी ठेवा, कारण नोव्हेंबरमध्ये 'अर्ली डिसिजन'ची मुदत असते. हा मार्ग घेतलात आणि प्रवेश मिळाला तर जायला बांधील असता. पैशाचा अंदाज नसताना हे वचन देऊ नका.

आपल्या मुलांची खरी अडचण येते शिफारसपत्रात. इंटिग्रेटेड क्लासमुळे ज्युनिअर कॉलेज नावापुरतं उरलेलं असतं आणि बारावीत शिकवणाऱ्या एकाही शिक्षकाला तुमचा चेहरा धड माहीत नसतो. छोटं कॉलेज तर नेमकं हेच वाचतं: हा मुलगा वर्गात कसा वागतो, प्रश्न विचारतो का, चुकला की काय करतो. म्हणून अकरावीपासून किमान एका शिक्षकाच्या तासाला नियमित बसा, त्यांच्याशी बोला. समुपदेशकाचा फॉर्म भरायला कॉलेजात कोणी नसेल तर प्राचार्यांना किंवा वर्गशिक्षकांना विनंती करा आणि तो कसा भरायचा ते शेजारी बसून समजावून द्या. मला माझ्या गणिताच्या बाईंनी पत्र दिलं. मी फळ्यावरची त्यांची एक सिद्धता दुसऱ्या मार्गाने करून दाखवली होती, एवढीच एक गोष्ट त्यांनी त्यात तपशीलवार लिहिली होती.

सल्लागार संस्थांच्या यादीत ही कॉलेजं क्वचित दिसतात, कारण कमिशन देणारी विद्यापीठं वेगळी. मुंबईत यूसिफ या भारत-अमेरिका शैक्षणिक प्रतिष्ठानच्या कार्यालयातल्या एज्युकेशनयूएसए केंद्रात मात्र अशा कॉलेजांची माहिती मिळते. आधी तिथे जा.

चौथी पायरी: पहिलं सत्र हलकं ठेवा, पण पहिला कोर्स वगळू नका

बारावीला बायफोकल कम्प्युटर सायन्स घेतलेलं असेल तर सी++ झालेलं असतं, ८०८५ मायक्रोप्रोसेसरचे प्रोग्रॅम पाठ असतात. मग वाटतं की प्रास्ताविक कोर्स कशाला? थेट पुढचा घेऊ. मी असंच म्हणत होते. माझ्या सल्लागार प्राध्यापिका म्हणाल्या, "एक आठवडा बसून पाहा." मी बसले आणि माझं सी++ किती वरवरचं होतं ते तेव्हा कळलं. मला सिंटॅक्स, म्हणजे भाषेचे लिहायचे नियम, येत होता, एखादा प्रश्न तुकड्यांत कसा फोडायचा ते येत नव्हतं.

शिवाय पहिल्या कोर्सची भाषा प्रत्येक कॉलेजची वेगळी आणि त्यामागे विचार असतो. ग्रिनेलमध्ये सुरुवात फंक्शनल प्रोग्रॅमिंगने होते, स्कीम घराण्यातल्या भाषेत, आणि मग सी, जावा. स्वार्थमोरमध्ये पायथन, नंतर डेटा स्ट्रक्चर्ससाठी सी++. स्कीमच्या कंसांच्या जंगलात सगळेच नवखे असतात. कोचिंग क्लासवाला आणि काहीच न आलेला एकाच ओळीत उभे राहतात. त्याचा फायदा घ्या.

चार कोर्स असे निवडा: पहिल्या वर्षाचा लेखन-सेमिनार, जो बहुतेक ठिकाणी सक्तीचाच असतो, एक कम्प्युटर सायन्स, एक गणित, आणि एक असा विषय ज्याचं नावही आधी ऐकलं नव्हतं. पहिल्याच सत्रात दोन लॅबचे कोर्स एकत्र घेऊ नका. सेमिनारला हलकं समजू नका. दर आठवड्याला पाच पानं इंग्रजीत, मुद्देसूद, स्वतःची बाजू मांडत लिहायची सवय आपल्याला नसते. रायटिंग सेंटरमध्ये जायला लाजू नका, तिथे इंग्रजी मातृभाषा असलेली मुलंही रोज बसलेली असतात.

एखादा कोर्स झेपत नसेल तर तो ठरलेल्या तारखेपर्यंत सोडता येतो. पण एफ-१ व्हिसावर पूर्णवेळ विद्यार्थी राहण्याइतके कोर्स ठेवावेच लागतात. आधी आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारा, मगच सोडा. हा क्रम उलटा झाला तर व्हिसाच अडचणीत येतो.

पाचवी पायरी: दार ठोठवा

ही पायरी सगळ्यात मोठी. प्राध्यापकांच्या दारावर आठवड्याचे ऑफिस अवर्स लिहिलेले असतात. त्या वेळात ते तुमच्यासाठीच बसलेले असतात, दुसऱ्या कामासाठी नव्हे. आपल्याकडे स्टाफरूममध्ये जायचं ते सही घ्यायला किंवा ओरडा खायला. त्यामुळे सुरुवातीला पाय उचलत नाही. 'सरांचा वेळ कशाला घ्यायचा', 'एवढं साधं कसं विचारायचं', हे मनात पक्कं बसलेलं असतं.

मी पहिले सहा आठवडे एकदाही गेले नाही. झाडासारख्या रचनेवरचा, रिकर्शनचा (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याचा) एक प्रोग्रॅम तीन रात्री चालेना. चौथ्या दिवशी तासानंतर प्राध्यापिकेने मला थांबवलं आणि खोलीत नेऊन हातात खडू दिला. "झाडाला तीनच नोड आहेत असं समज. आता तू संगणक हो आणि काय करतेस ते मोठ्याने सांग." दहा मिनिटांत माझी चूक मलाच सापडली. बेस केसमध्ये, म्हणजे जिथे रिकर्शन थांबतं तिथे, मी उत्तर परत देत होते, पण वरच्या पायरीवर ते वापरतच नव्हते. त्या दिवशी मला रिकर्शन आलं. तीन रात्री वाया गेल्याची हळहळ अजूनही वाटते.

जाताना काय न्यायचं ते सांगते. 'समजलं नाही' एवढंच घेऊन जाऊ नका. प्रोग्रॅम कुठल्या इनपुटला फसतो, काय यायला हवं होतं, काय आलं आणि तुम्ही काय काय करून पाहिलं, हे चार ओळींत लिहून न्या. निम्म्या वेळा लिहितानाच उत्तर सापडतं. तरीही जा आणि ते कसं सापडलं ते सांगा. अडचण नसेल तेव्हाही जा. 'तुम्ही सध्या कशावर काम करताय?' असं विचारलं की बहुतेक प्राध्यापक अर्धा तास आनंदाने बोलतात आणि उन्हाळ्यातल्या संशोधनाची जागा पुष्कळदा अशाच गप्पांतून मिळते.

ईमेलला सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी नको. 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव पुरेसं आहे. काही जण नावानेच हाक मारा म्हणतात. जिभेला ते सुरुवातीला जड जातं, तोवर 'प्रोफेसर' चालतं.

पदव्युत्तर विद्यार्थी नसल्यामुळे लॅबमध्ये मदत करायला तुमच्याच वरच्या वर्गातली मुलं असतात. स्वार्थमोरमध्ये त्यांना 'निंजा' म्हणतात. संध्याकाळी लॅबमध्ये त्यांच्याजवळ बसून काम करा. आणि दुसऱ्या वर्षी स्वतः या कामासाठी अर्ज करा. मोठ्या विद्यापीठात जे काम एम.एस.च्या विद्यार्थ्याला मिळतं ते इथे एकोणीस वर्षांच्या मुलीला मिळतं. पगार मिळतो, कॅम्पसवरच्या कामाची सत्राच्या काळातली आठवड्याला २० तासांची मर्यादा पाळून ते करता येतं. दुसऱ्याचा चुकलेला कोड वाचून, उत्तर न सांगता त्याला योग्य प्रश्न विचारणं हे मी इथेच शिकले आणि नोकरीत आजही रोज वापरते.

सहावी पायरी: जर्नलची सवय इथे सोडा

आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री एकाची जर्नल पूर्ण वर्गात फिरते. टर्मवर्कचे मार्क मिळतात, कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. इथे तीच गोष्ट गंभीर गुन्हा आहे. अनेक कॉलेजांत ऑनर कोड (प्रामाणिकपणाची आचारसंहिता) असतो. हॅव्हरफर्डमध्ये तर तो विद्यार्थीच चालवतात आणि परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक नसतो. तुमच्यावर विश्वास टाकलेला असतो आणि तो मोडला तर सुनावणी होते.

प्रत्येक असाइनमेंटवर काय चालेल ते लिहिलेलं असतं: मित्राशी चर्चा चालेल पण कोड दाखवायचा नाही, जोडीने लिहायचं, किंवा पूर्णपणे एकट्याने. एआय साधनांबद्दलही प्रत्येक कोर्सचा नियम वेगळा. खात्री नसेल तर आधी विचारा आणि कोणाची मदत घेतली ते फाइलच्या वर टिप्पणीत लिहा. वर्गात वीस जण असताना प्राध्यापकांना तुमची कोड लिहायची धाटणी ओळखू येते.

सातवी पायरी: उरलेले वीस कोर्स

आता त्या वीस कोर्सकडे. बरीच मुलं हे वीस 'उरकायचे' विषय समजतात आणि सोपे शोधत बसतात. माझ्या मते या पदवीची किंमत इथेच वसूल होते.

मी दुसऱ्या वर्षी भाषाशास्त्राचा प्रास्ताविक कोर्स घेतला. एका तासाला प्रत्येकाला आपल्या भाषेतला एक लांब शब्द फोडायला सांगितला. मी फळ्यावर 'घरासमोरच्यांनाही' लिहिलं. घर, त्याचं सामान्यरूप घरा, मग समोर, च्या, ना आणि ही. इंग्रजीत ज्याला पाच-सहा शब्द लागतील ते आपण एका शब्दात म्हणतो, हे मी आयुष्यभर बोलत होते आणि कधी पाहिलंच नव्हतं. तिथून प्रश्न पडला: संगणकाला हे कसं शिकवायचं? शेपटी कापली की काम झालं असं नाही. 'पावसात' मधून 'पाऊस' काढायचा, 'मुलाला' मधून 'मूल' की 'मुलगा' हे ठरवायचं, 'घोड्याला' मधून 'घोडा'. शब्दाचं मूळच आतून बदलतं.

पुढच्या सत्रात मी एका प्राध्यापकांबरोबर स्वतंत्र अभ्यास म्हणून हेच घेतलं. त्यांना मराठीचं अक्षरही येत नव्हतं. त्यामुळे सामान्यरूपाचा प्रत्येक नियम मला त्यांना इंग्रजीत पटवून द्यावा लागायचा आणि मला तो किती अर्धवट माहीत आहे ते दर गुरुवारी उघडं पडायचं. पहिल्या आठवड्यात कळलं की पायथनला 'स्त्री' या शब्दाची लांबी विचारली तर तो सहा सांगतो, कारण त्याच्या लेखी स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार हे सहा वेगळे संकेत आहेत. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांना संकेत देणाऱ्या पद्धतीच्या, पातळीवर काय फरक आहे हे शोधण्यात एक दुपार गेली, आणि ती माझ्या शिक्षणातल्या सगळ्यात आनंदाच्या दुपारींपैकी एक आहे. मराठीचा डिजिटल मजकूर इंग्रजीच्या मानाने फार थोडा आहे, तो हाताळायची साधनंही थोडी आहेत, आणि हे काम करायला मराठी येणारी माणसंच लागणार आहेत.

तुमचा विषय भाषाच असावा असं नाही. संगीत शिकलेल्याने ध्वनीच्या लहरींवर प्रोग्रॅम लिहावा, शेतकऱ्याच्या मुलाने जीवशास्त्रात पिकाच्या रोगांची चित्रं ओळखायचा प्रयत्न करावा. मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जाहीर करायचा असतो. तोवर एक असा विषय शोधून ठेवा ज्यात तुम्हाला प्रश्न पडतात. गणितातले डिस्क्रीट, लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी यांतले जे मुख्य विषयात धरलेले नसतील ते मात्र त्या वीसांतून काढून घ्याच. मशीन लर्निंगला पुढे तेच लागतात.

आठवी पायरी: उन्हाळे आधीच ठरवा

राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे आरईयू नावाचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम सगळीकडे सुचवले जातात, पण त्या निधीसाठी अमेरिकन नागरिक किंवा कायमचे रहिवासी असावं लागतं. तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी आपल्याच कॉलेजात प्राध्यापकांबरोबर उन्हाळी संशोधन करा. बऱ्याच ठिकाणी ते परदेशी विद्यार्थ्यांना खुलं असतं, मानधन मिळतं आणि राहायची सोय होते. पुढे पीएच.डी. करायची असेल तर हे काम आणि त्यातून मिळणारं पत्र फार उपयोगी पडतं.

बाहेर इंटर्नशिप करायची तर सीपीटी, म्हणजे शिकत असतानाच बाहेर काम करायची परवानगी, लागते आणि त्यासाठी आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं. सीपीटी अभ्यासक्रमाशी जोडलेली असावी लागते, म्हणून काही छोटी कॉलेजं तिच्याबाबत काटेकोर असतात. सीपीटी नाकारली म्हणून काही जण पदवीआधीच ओपीटी वापरतात. पूर्णवेळ काम केलं तर तेवढे महिने नंतरच्या १२ महिन्यांतून वजा होतात, हे पक्कं लक्षात ठेवा. आपलं कॉलेज काय करतं हे पहिल्याच वर्षी विचारा.

मोठ्या कंपन्या छोट्या गावातल्या कॉलेजात मुलाखती घ्यायला सहसा येत नाहीत. म्हणून ऑगस्टमध्येच अर्ज सुरू करा, कारण पुढच्या उन्हाळ्याच्या जागा ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये भरायला लागतात. माजी विद्यार्थी संख्येने कमी असतात पण उत्तर देतात. त्यांना लिहिताना नोकरी मागू नका, वीस मिनिटं बोलायला मागा. मुलाखतीतली कोडी सोडवायचा सराव कोर्समध्ये होत नाही. तो मित्रांबरोबर फळ्यासमोर उभं राहून, बोलत बोलत करा.

तिसऱ्या वर्षी परदेशात एक सत्र घालवायची पद्धत आहे. संगणकाच्या विद्यार्थ्यांसाठी बुडापेस्टला एआयटी (अ‍ॅक्विंकम इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) हा कार्यक्रम आहे, तिथे आपल्या कॉलेजात नसलेले कोर्स मिळू शकतात. भारतीय पासपोर्टवर हंगेरीचा व्हिसा लागतो, त्याला वेळ ठेवा. आणि दुसऱ्या पायरीतला तो आठ रकान्यांचा कागद जाण्याआधी पुन्हा काढा.

नववी पायरी: शेवटचं वर्ष

बहुतेक ठिकाणी शेवटी एक मोठं काम करावं लागतं. रीडमध्ये प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. कार्लटनमध्ये त्याला 'कॉम्प्स' म्हणतात आणि संगणकाची मुलं ते गटाने करतात. हार्वी मडमध्ये 'क्लिनिक' असतं, त्यात चार-पाच जणांचा गट वर्षभर एखाद्या कंपनीच्या खऱ्या प्रश्नावर काम करतो. विषय तिसऱ्या वर्षाच्या वसंतातच ठरवा आणि मार्गदर्शक त्या वर्षी रजेवर नाहीत ना ते विचारून घ्या.

ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि संपल्यावर ६० दिवसांपर्यंतच. पहिल्याच आठवड्यात करा. मंजुरीला महिने लागू शकतात आणि कामाच्या परवानगीचं कार्ड हातात आल्याशिवाय कामावर रुजू होता येत नाही. ओपीटी सुरू झाल्यावर एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही, म्हणून सुरुवातीची तारीख निवडताना नोकरीची तारीख समोर ठेवा. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, छापलेला विषयाचा कोड अर्जाआधी स्वतः डोळ्यांनी वाचा. चूक असेल तर त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन दुरुस्त करून घ्या.